निकानोरची पेटी कोण पुसणार

हाडं पुसावीत तर निकानोरनंच, असं अख्खं पोमुच गाव म्हणायचं. मेलेल्याला तीन वर्षं थडग्यात निवांत झोपू द्यायचं, मग हाडं काढून लाकडी पेटीत ठेवायची, आणि दर ऑक्टोबरअखेर घरच्यांनी ती ब्रशनं पुसून खालचं भरतकामाचं फडकं बदलायचं, हा गावाचा रिवाज. कुणाचे गुडघे धरले, कुणाला धुळीच्या शिंका आल्या, की निकानोरला हाक जायची. तो कवट्यांशी गप्पा मारत पुसायचा. "काय सेबास्तियानदादा, दात अजून शाबूत? जिवंतपणी कधी दाखवले नाहीत ते."

त्याचं स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं होतं. मूल नाही, बाळ नाही. "माझी पेटी कोण पुसणार?" असं त्यानं विचारलं, की लोक एकदम आभाळाकडं बघायचे. दफनभूमीच्या कोपऱ्यात बासिलियाची बेवारस पेटी बुरशीनं हिरवी पडली होती. तिच्यापाशी आलं की निकानोर वाट वाकडी करायचा.

आणि एका ऑक्टोबरात मृत्यू आला. म्हणजे आली. उंच, काटकुळी, काळ्या झग्यातली, पायाला धुळीचा कण नाही. आली होती निकानोरसाठी. पण तोंड उघडायच्या आतच बायकांनी तिला घेरलं.

"आलीस का गं शेवटी? बासिलियाची नात ना तू?"

"आजी हिरवी झाली, आणि ही आत्ता उगवतेय."

"तोंड बघ कसं, जसं काही आम्हीच चुकलोय."

मृत्यूपुढं आजवर लोक रडले होते, हात जोडून विनवण्या करत आले होते. कुणी झापलं मात्र नव्हतं. ती गांगरली. शंभरीला टेकलेल्या तोमासाआजीनं तिच्या हातात ब्रश कोंबला आणि पेटीसमोर बसवलं.

ब्रश कसा फिरवायचा ते दाखवायला निकानोरनं तिचं मनगट धरलं. नाडीच नव्हती.

"माझ्यासाठी?" त्यानं हळूच विचारलं.

"हो."

"मग हे आटप आधी. उघडलेली पेटी अर्धवट टाकून इथून कुणी जात नाही."

ती निमूटपणे पुसायला लागली. फासळीवरची धूळ नाकात गेली आणि ती शिंकली. जग झाल्यापासूनची तिची पहिली शिंक. तोमासाआजी म्हणाली, "शंभर वर्षं जग हो, पोरी." त्यावर ती अशी खदखदून हसली, की निकानोरच्या बोटाखाली काहीतरी टुक् झालं. मग पुन्हा टुक्. शिकवायला लागतं त्याहून जरा जास्तच वेळ त्यानं ते मनगट धरून ठेवलं.

"उद्या नेते," ती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी बेकरीतून गरम पाव आला आणि नेणं राहिलं. तिसऱ्या दिवशी तिनं जाळ तिखट हाबानेरो मिरची चावली, ढसाढसा रडली आणि रडता येतंय म्हणून आणखी एक मागितली. मग तिनं ओबदुलिया असं नाव घेतलं, मग निकानोरशी लग्नच झालं. थंडीत तिला सर्दी झाली तेव्हा ती टांगलेल्या झोळीत पडून कण्हत होती, "मी मरते आता."

"तू?" निकानोर इतका हसला की झोळीची दोरी सुटली. "रांगेत उभी राहा."

पण ती संसारात रमली आणि पोमुचात मरायचंच थांबलं. एके दुपारी तोमासाआजी काठी टेकत दारात आली.

"सूनबाई, माझ्या पेटीचं फडकं भरून भरून विटलं. तू नाचतेस, मी खोळंबलेय. तिकडं माझा म्हातारा वाट बघतोय."

ओबदुलियाची पोळी तव्यावरच राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, बासिलियाला मूलच नव्हतं. नात कुठून उगवणार?"

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"पेटी पुसायला कुणीतरी हवंच होतं ना."

आजी गेल्यावर ओबदुलिया भिंतीकडं तोंड करून बसली. "क्रम मोडता येत नाही," ती म्हणाली. "आधी तू. मग बाकीचे."

निकानोरनं करपलेली पोळी तव्यावरून उतरवली. मग म्हणाला, "येतो. पण माझी पेटी?"

"मी पुसेन."

"तू? तू फासळ्या उलट्या लावतेस."

"शिकव मग."

तो अंगणात आडवा झाला आणि शिकवायला लागला. "आधी पायाची बोटं, ही तळाला. मग नडगी. मग या फासळ्या, एकेक मोज. कवटी सगळ्यात वर, तोंड दाराकडं." ती बोटानं मोजत वर आली, आणि फासळ्यांपाशी त्याला गुदगुल्या झाल्या. तो हसला, आणखी हसला, आणि हसता हसताच गेला. आठवड्याभरात तोमासाआजीही गेली, केस विंचरून, नवं फडकं उशाला घेऊन.

तीन वर्षांनी निकानोरची पेटी भरली. तेव्हापासून दर ऑक्टोबरात सगळ्यांचं आटपत आलं की एक उंच, काटकुळी बाई धावत येते, त्याची पेटी उघडते, शिंकते, आणि फासळ्या हमखास उलट्या लावते.

"आलीस का गं शेवटी?" बायका म्हणतात.

"काम होतं, मावशी."

"एवढं कसलं काम?"

"असंच. घरोघरी."

बायका एकमेकींकडं बघतात, आणि कुणीतरी तिच्यापुढं पाव सरकवते. "बस, सावकाश खा. आम्हाला काही घाई नाही."