हरणीने दिलेलं उत्तर

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आल्यावर पहिली काही वर्षं माझे शनिवार ग्रोसरी आणि लाँड्रीत जायचे. मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा जवळच्या लायब्ररीत गोष्टींचा तास सुरू झाला आणि आम्ही दोघी दर शनिवारी दुपारी तिथे जाऊ लागलो. गोष्टी सांगायला दोन बायका यायच्या, दोघी युगांडाच्या उत्तर भागातल्या अचोली समाजातल्या, एकाच गावच्या. एक माझ्याच वयाची, उंच, वृद्धाश्रमात काम करणारी. दुसरी सत्तरीची. तिला मी सवयीने मावशी म्हणायला लागले आणि मग सगळेच म्हणायला लागले. मावशींना इंग्रजी येत नव्हतं. त्या त्यांच्या भाषेत सांगायच्या आणि उंच मैत्रीण ते इंग्रजीत करायची. माझी मुलगी तर या मैत्रिणीच्या मांडीवरच बसायची. लायब्ररीने या गोष्टींची छोटी पुस्तिका करायचं ठरवलं तेव्हा लिहून घ्यायचं काम मी मागून घेतलं.

बहुतेक गोष्टी लबाड सशाच्या होत्या. एक मात्र वेगळी होती. रानाला वणवा लागतो. जीव घेऊन पळताना हरणीचा पाय तित्तराच्या घरट्यावर पडतो आणि पिल्लू मरतं. तेव्हापासून तित्तर हरणीबरोबर एका झऱ्यावर पाणी पीत नाही. शेवटी सगळे प्राणी जमतात, आणि तित्तर विचारील त्या प्रत्येक प्रश्नाला हरणीने उत्तर द्यायचं, असं ठरतं. तित्तराचे प्रश्न मावशी विचारायच्या, हरणीची उत्तरं उंच मैत्रीण द्यायची. गंमत म्हणजे प्रश्न दर वेळी बदलायचे. लिहून घेताना माझी पंचाईत व्हायची.

म्हणून एका शनिवारी बाकीची मुलं गेल्यावर मी दोघींना विचारलं, या गोष्टीतले खरे प्रश्न कोणते? पुस्तिकेत कोणते घालू?

मावशी बराच वेळ बोलल्या. शांतपणे, एखादी पाककृती सांगावी तशा. मैत्रिणीने आधी माझ्या मुलीला काउंटरवर पुस्तकं परत द्यायला पाठवलं. ती लांब गेल्याचं पाहिलं आणि मग माझ्याकडे वळली.

"मावशी म्हणतात, प्रश्न ठरलेले नाहीत. त्यांच्या मुलाबद्दल जे विचारायचं राहिलं असेल ते त्या विचारतात." मावशींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्यांच्या मुलाला मी मारलं."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. तिने पुढचं सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघत होती. ती तेरा वर्षांची असताना बंडखोरांनी तिला आणि गावातल्या काही मुलांना पळवून नेलं होतं. त्यात मावशींचा दहा वर्षांचा मुलगा होता. तो पळून जाताना सापडला. बंडखोरांनी हिच्या हातात दांडकं दिलं. नाही मारलंस तर तुझी पाळी, म्हणाले.

लॅपटॉपच्या की-बोर्डवर बोटं होती ती तशीच राहिली. एवढ्यात मुलगी धावत आली आणि नेहमीसारखी मैत्रिणीच्या मांडीकडे गेली. मी तिचा दंड धरून तिला मागे ओढलं. एवढ्या जोरात, की ती कळवळली.

"मॉम, यू हर्ट मी."

उशीर झाला, निघायला हवं, असं काहीतरी मी म्हणाले. मुलीला गाडीत बसवून मी थेट घरी आले.

पुढचे तीन शनिवार मी कॅन्सल केले. मुलीला ताप आहे, असा मेसेज टाकला. ती मात्र ठणठणीत होती आणि रोज विचारत होती की आपण का जात नाही. मला त्या बाईची भीती वाटत होती, असंही नाही. तिने किती वेळा माझ्या मुलीचे केस विंचरले होते. ते हात आणि ते दांडकं एकाच माणसाचे कसे असतील, हे मला जुळवता येत नव्हतं. भाजी चिरताना, ऑफिसच्या कॉलवर, कुठेही ते मध्येच आठवायचं आणि मी सुन्न व्हायचे.

चौथ्या आठवड्यात इंडियन ग्रोसरीत त्या दोघी दिसल्या. मावशी तिळाची पिशवी हातात घेऊन बघत होत्या, उंच मैत्रीण कार्ट ढकलत होती. मी मागे वळले, पण तिने मला पाहिलं होतं. ती जवळ आली. मी माफी मागायला लागले, तर तिने मला थांबवलं.

"तू ओढलंस ते बरोबर केलंस. मी जंगलातून परत आले तेव्हा माझ्या आईनेही धाकट्या बहिणीला असंच मागे ओढलं होतं."

मग तिथेच, डाळींच्या रॅकपाशी, तिने सांगितलं. परत आल्यावर रिवाजाप्रमाणे उंबऱ्यावर ठेवलेलं अंडं तिने पायाने फोडलं, म्हणजे शुद्ध झाली, आणि मग ती घरात आली. पण तो एका दिवसाचा विधी. नंतर तिच्याशी कोणी बोलेना. लढाईमुळे लोक वर्षानुवर्षं निर्वासितांच्या छावणीत राहिले होते. शेकोटीभोवती गोष्टी सांगायची पद्धतच मोडली होती, लहान मुलांना एकही गोष्ट माहीत नव्हती. गावी परतल्यावर म्हाताऱ्यांनी ती पुन्हा सुरू केली. एका संध्याकाळी मावशींनी तित्तराची गोष्ट काढली. प्रश्नाच्या जागी आल्या आणि थेट हिच्याकडे बघून विचारलं, पिल्लू रडलं का?

"तू, मी, असं बोलायचं असतं तर मला तोंड उघडता आलं नसतं," ती म्हणाली. "हरीण म्हणून बोलता आलं. मी म्हटलं, रडलं. आईला हाक मारली."

सगळं गाव ऐकत होतं. मावशी उठून गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या आणि दुसरा प्रश्न विचारला. मग इतर बायकाही आपापल्या पिलांबद्दल विचारू लागल्या, आणि परत आलेली इतर मुलं उत्तरं देऊ लागली.

मावशी आमच्याजवळ येऊन उभ्या होत्या. मला राहवलं नाही. मी तिला म्हटलं, मावशींना विचार, त्यांनी तुला माफ केलंय का? विचारल्यावर वाटलं, आपण हे विचारायला नको होतं. तिने मात्र जसाच्या तसा प्रश्न पोचवला. मावशी दोनच शब्द बोलल्या.

"काही दिवशी."

आजचा दिवस त्यातला आहे का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्या दोघी बिलिंगकडे निघाल्या. मावशींनी चालताना तिचा दंड धरला होता.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "यार, तू परत जाणार आहेस?" मला माहीत नव्हतं. पण शनिवार आला तेव्हा मी मुलीला बूट घालायला सांगितलं. लायब्ररीत ती पळत जाऊन उंच मैत्रिणीच्या मांडीवर बसली. मैत्रिणीने हात वर धरले होते, तिला न लावता, आणि ती माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली. मग तिने हात खाली घेतले आणि मावशींनी गोष्ट सुरू केली.