देवापाशी ठेवलेली सळई

आमच्या ह्यांची मोटार दारात आली ती तिच्या उतारवयात. आधीच्या दोन मालकांनी तिला इतकं पळवलं होतं, की मैलांचा आकडा एक फेरा पुरा करून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. हे म्हणायचे, "पाह्य, नवी झाली." मी म्हणायची, "हाव, धूर सोडून राह्यली ते बाळसं धरलं म्हणून!" वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मलकापूर स्टेशनवर उतरणारे वकील, सरकारी माणसं, लग्नाला निघालेली बिऱ्हाडं, या सगळ्यांना घाट चढवून बुलढाण्याला नाही तर चिखलीला पोचवायचं, हा ह्यांचा धंदा. त्यासाठी शेती धाकट्या भावाकडे सोपवली आणि बैलजोडी विकली.

ती मोटार तेल प्यायची. पेट्रोल तर प्यायचीच, पण इंजिनातलं तेलही जाळायची. आमच्याकडे त्याला सगळे 'आइल' म्हणत. म्हणून हे रोज सकाळी, इंजिन गार असताना, ते तपासायचे. मोटार सपाट जागी उभी हवी, म्हणून परातीत पाणी घालून अंगणात जागा शोधली होती. ती नेमकी माझी रांगोळीची जागा निघाली. त्यावरून मी आठ दिवस धुसफुसत होते. शेवटी रांगोळी सरकली, मोटार नाही.

इंजिनातून एक लांब सळई निघायची. तिच्यावर खूण होती. हे सळई काढायचे, पुसायचे, परत आत घालायचे, पुन्हा काढायचे आणि उजेडात धरून तेल खुणेपर्यंत आहे का ते पाहायचे. पुसायला माझ्या जुन्या लुगड्याची चिंधीच लागायची, दुसऱ्या कापडाचे धागे सुटतात म्हणे. ती सळई पाहिल्याशिवाय त्यांनी कधी मोटार काढली नाही. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, कितीही ओरडो, ते म्हणायचे, "साहेब, थांबा. तिले इचारू द्या." मला हसू यायचं, आणि खरं सांगते, अभिमानही वाटायचा.

माझ्या बाबांना मात्र ही मोटार डोळ्यांसमोर नको होती. चिखलीच्या पलीकडे माझं माहेर. बाबा तिथले मोठे शेतकरी, बैलांची त्यांच्याइतकी पारख पंचक्रोशीत कुणाला नव्हती. "जो माणूस जोडी इकते, त्याच्या घरी देली म्या पोरगी," असं ते चारचौघांत बोलायचे. आमच्याकडे मलकापूरला यायचे ते स्वतःच्या बैलगाडीनं, दोन दिवस वाटेत घालवून. मोटारीत एकदाही बसले नाहीत. मला तेव्हा एकाच गोष्टीचा ध्यास होता. बाबांनी एकदा तरी माझ्या नवऱ्याला माणसात धरावं.

एका नवरात्रात तशी वेळ आली. बाबा मलकापूरला कामासाठी आले होते आणि परत निघायच्या वेळी त्यांच्या बैलाचा पाय मुरगळला. तो दिवस खंडेनवमीचा. दसऱ्याला संध्याकाळी गावाच्या सीमोल्लंघनाला बाबा पुढे असायलाच हवेत, तो त्यांच्या घराण्याचा मान. दुसरा उपायच नव्हता. "चाला मंग, तुमच्या लोखंडात," असं त्यांनी ह्यांच्याकडे न पाहता सांगितलं. मी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असायची. शेतकरी विळे, कुदळी मांडतात, आम्ही पाने, जॅक, पंप मांडायचो. त्या वर्षी मी हौसेनं तेलाची सळईसुद्धा मागून घेतली. रोज हातात असते, मग तिचाच मान का राहावा? पाटावर मधोमध ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. बाबांनीही हात जोडले.

दसऱ्याच्या सकाळी हे स्वयंपाकघरात आले आणि हळूच म्हणाले, "सळई दे."

आता, पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत हलवायचं नाही, ही माझ्या माहेरची रीत. मी म्हटलं, "पाटावरचं हालत नाही. बाबा बाहेर उभे हायेत. त्याहिच्या पहिल्याच फेरीले अपशकुन करता काय?"

"आइल कसं पाहू मंग? खूण त्या सळईवरच हाय."

"परवाच तर टाकलं."

"परवा दोन फेऱ्या झाल्या."

"एक दिवस नाही पाह्यलं तर काय मरते काय तुमची मोटार?"

त्यांनी कोपऱ्यातली चिंधी उचलली, जाऊन सळईच्या भोकात कोंबली आणि मोटार सुरू केली. माझं ऐकलं म्हणून मी खूश झाले. माझा मूर्खपणा मला कळायला घाट यावा लागला.

सपाटीवर सगळं छान चाललं होतं. बाबा पुढे बसले होते, फेट्याचं टोक दातात धरून, पण मोताळा मागे पडलं तसे ते थोडे सैलावले. "वारा बरा लागते," असंही म्हणाले. मागे बसलेली मी फुलून गेले. घाटाच्या तिसऱ्या वळणावर इंजिनात ठकठक सुरू झाली. ह्यांची मान ताठ झालेली मला मागून दिसली. काही तरी कडाडलं आणि मोटार थांबली ती थांबलीच.

बाबा उतरले. "काय झालं?"

मी बोलायला हवं होतं. हे टोपण उघडून आत पाहत होते, ते वळले आणि म्हणाले, "मामाजी, माही चूक झाली. निघतानी आइल नाही पाह्यलं."

एवढंच. माझ्याकडे नजरही टाकली नाही. माझ्याइतकं भांडखोर माणूस त्या घाटात दुसरं नव्हतं, पण त्या वेळी शब्द फुटला नाही. आजही त्याची लाज वाटते.

खालून दोन बैलगाड्या आल्या. त्यांचे बैल सोडून मोटारीला जुंपले. पुढच्या जोडीचा कासरा बाबांनी स्वतः धरला आणि मोटार वर नेली. वर पोचल्यावर मोटार तिथेच ठेवून मिळेल त्या वाहनानं आम्ही गाव गाठलं, तेव्हा सीमेवर माणसं खोळंबली होती.

सोनं लुटून सगळे घरी आले. आपट्याचं पान धाकट्यानं थोरल्याला द्यायचं आणि पाया पडायचं. हे पान घेऊन पुढे झाले, तोच बाबांनी आपल्या हातातलं पान आधी ह्यांच्या हातावर ठेवलं. "घ्या जवाईबापू." सगळं घर पाहत राहिलं. मला वाटलं, कीव आली असेल.

इंजिन दुरुस्त व्हायला दिवाळी उलटली. त्यानंतर बाबा आमच्या मोटारीतच बसू लागले. हे मात्र ते येणार असले की दोनदोनदा सळई पाहायचे. एकदा मला म्हणाले, "मामाजीच्या मनात मी बेफिकीर माणूस हावो. ते आता निघणार नाही." मी भाकरी थापत राहिले.

आठनऊ वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले. मी उशाशी बसले असताना न राहवून सांगून टाकलं, की त्या दसऱ्याला सळई मी अडवली होती, ह्यांची चूक नव्हती.

बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "मले मालूम हाय. पाटावर कुंकू लावलेली पाह्यली होती म्या. सकाळी तुमची कुजबूजबी आयकली. घाटात तो तुह्यं नाव घेते का, तेच पाहून राह्यलो होतो." मग म्हणाले, "नाही घेतलं."

दुसऱ्या दिवशी मी मलकापूरला परतले. सकाळची वेळ, हे अंगणात वाकलेले, हातात माझ्या लुगड्याची चिंधी. मी पिशवी खाली न ठेवताच बाबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

ह्यांनी सळई पुसली, आत घातली, काढली, उजेडात धरली. पुन्हा पुसली, पुन्हा घातली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा मी विचारलं, "किती हाय?"

"दिसून नाही राह्यलं," हे म्हणाले, आणि सळई माझ्या हातात दिली.

मी पाहिली. तेल बरोबर खुणेवर होतं.