संगीत सात दरवाजे

बावन्न दरवाजांच्या आमच्या या शहरात दरवाजा ही वस्तू मनापासून कळलेला माणूस एकच आहे, आणि तो म्हणजे आमचे साडू. बाकीचे आम्ही दरवाजातून नुसते ये-जा करतो. साडू कुणाच्याही घरी गेले की आधी दार दोनदा उघडून मिटतात, कान देऊन बिजागरी ऐकतात आणि "खर्जात आहे, तेल घालू नका" असा सल्ला देऊन मगच आत येतात. आत येणं म्हणजेही नुसतं येणं नव्हे. उंबऱ्यावर ते थबकतात, आणि बैठकीतल्या शेवटच्या माणसानं मान वळवल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. माझ्या भाच्यासाठी मुलगी पाहायला आम्ही सिडकोत गेलो होतो, तेव्हा त्यांनी आतल्या खोलीचं दार इतक्या वेळा तपासलं की मुलीच्या वडिलांना घाम फुटला. "सागवानी आहे हो," ते काकुळतीनं म्हणाले. "लाकडाचं काही नाही," साडू म्हणाले, "पण मुलगी डावीकडून येतीय. पोह्यांच्या ताटानं चेहरा झाकला जातोय. तिला उजवीकडून येऊ द्या." मुलगी बिचारी आत गेली आणि स्वयंपाकघराला वळसा घालून उजवीकडून आली. लग्न ठरलं. मुलीचं शिक्षण, मुलाची नोकरी आणि दोन्हीकडच्या मंडळींचा समजूतदारपणा हे सगळं बाजूला ठेवून साडू आजही त्या लग्नाचं श्रेय उजव्या बाजूला देतात.

आवाजाची तर वेगळीच तऱ्हा. ते माझ्याशी बोलत असले तरी त्यांचं बोलणं माझ्यामागे पंचवीस रांगा सोडून बसलेल्या कुणासाठी तरी असतं. सरकारी कचेरीत असताना त्यांनी साहेबांकडे रजा मागितली की ती शेजारच्या खात्यालाही मंजूर करावीशी वाटे. निवृत्तीनंतर त्यांनी बीड बायपासच्या पलीकडे घर बांधलं. तिथं तेव्हा घरांपेक्षा प्लॉटच्या पाट्या जास्त होत्या, आणि पाट्यांपेक्षा धूळ. त्यात लागोपाठ दुष्काळ पडले. शहर रोज एक कॉलनी वाढवत होतं आणि पाणी रोज एक हात खाली जात होतं. आठवड्यातून टँकर आला की गल्लीत जी झुंबड उडायची, तिची व्यवस्था साडूंनी आपल्याकडे घेतली. "घागरी पुढं, ड्रम मागं! ड्रमनं घागर झाकायची नाही!" असं ते गच्चीवरून ओरडत. टँकरवाला म्हणायचा, "काका, तुम्ही लई ओरडता, पण भांडण नाय होत तुमच्या गल्लीत." साडू यावर कमरेत वाकून नमस्कार करत.

या सगळ्याच्या मुळाशी एक नाटक होतं. साडू तरुण असताना गावातल्या हौशी मंडळींनी 'संगीत सात दरवाजे' बसवलं होतं. एका किल्लेदाराच्या मुलीला भेटायला एक गवई येतो, सात दरवाजांवरचे पहारेकरी त्याला अडवतात, तो प्रत्येक दरवाजाशी एक पद गातो, आणि सातवा दरवाजा उघडला की आत ती उभी असते. एवढीच गोष्ट. पण नाटक असं काही चाललं की आसपासच्या गावांहून लोक बैलगाड्या जुंपून येत. सातव्या दरवाजातली ती मुलगी म्हणजे आमच्या ताई, माझ्या बायकोची थोरली बहीण. आणि साडू? साडू रंगमंचावर कधीच आले नाहीत. ते मागे उभे राहून दोरीनं दरवाजे उघडायचे. सातवा दरवाजा ते इतक्या हळुवार उघडत की टाळ्या आधी दाराला पडत आणि मग ताईंना. ताईंनी पुढं त्यांच्याशीच लग्न केलं. "गाणारा दर प्रयोगाला बदलायचा," त्या मला एकदा हसत म्हणाल्या, "दार उघडणारा तेवढा कायम होता."

मंडळी पांगली तेव्हा कपडे ज्यानं त्यानं नेले. साडूंनी सातही दरवाजे घरी आणले. नव्या घरात एका दरवाजाचं जेवणाचं टेबल झालं, एकाचा दिवाण, एक हौदावर झाकण म्हणून गेला, एकावर इस्त्री चाले. दोन दरवाजे उस्मानपुऱ्यात माझ्या घरी कपाटामागं उभे होते, आणि ते हलवायची मला परवानगी नव्हती. सातवा, सगळ्यांत लहान आणि नक्षीदार, ताईंनी हट्टानं न्हाणीघराला लावून घेतला होता. "तेवढीच एक जागा आहे जिथं मी अजून त्या दारातून बाहेर येते," असं त्यांचं म्हणणं.

ताईंचं गाणं मात्र थांबलं होतं. मुलं, सासू-सासऱ्यांची आजारपणं, मग हे पाण्याचं रोजचं युद्ध. तो गळा आता 'टँकर आला' एवढंच म्हणायला लागे. साडूंना ते खुपत असणार, कारण एक दिवस ते आमच्या उंबऱ्यावर येऊन थबकले, आम्ही घरातल्या तिघांनीही माना वळवल्या, आणि त्यांनी जाहीर केलं, "सात दरवाजे पुन्हा उघडणार!"

पहिली अडचण थिएटरची. मोठं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होतं आणि ते कधी उघडेल हे कुणी सांगत नव्हतं. मिळालं ते उस्मानपुऱ्यातलं एक लहानसं सभागृह, तेही रविवारी सकाळचं. शंभर-सव्वाशे खुर्च्या, आणि रंगमंच असा की गवई आणि पहारेकरी एकदम श्वास घेऊ शकणार नाहीत. साडूंनी सहा दरवाजे टेम्पोत घालून तिथं नेले आणि सहा परत आणले. मावणार होता तो एकच, सगळ्यांत लहान सातवा. शहागंजात घड्याळं दुरुस्त करणारे आमचे चाचा जुन्या प्रयोगांपासून हार्मोनियमवर असायचे. त्यांनी पान लावत तोडगा काढला. "क्या साब, छे दरवाजे बोल के दिखाव ना. लोगां समझते. सातवाँ खोल के दिखाव." साडूंना हे अब्रूवर घाला घातल्यासारखं वाटलं. ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, म्हणजे चारचौघांसारख्या आवाजात बोलले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चाचा म्हणतो ते बरोबर आहे. पण हे मी सांगितलं असं चाचाला सांगू नका."

दुसरी अडचण ताईच. त्या साफ नाही म्हणाल्या. "मोठ्या थिएटरात लांबून चेहरा दिसत नव्हता. इथं पहिली रांग माझ्या मांडीवर बसणार. या वयात मी किल्लेदाराची मुलगी? लोक मला किल्लेदाराची आई म्हणतील." साडू म्हणाले, "सहा दरवाजे ओलांडता ओलांडता त्याचीही वर्षं गेली, तिचीही गेली. तसा एक संवादच घालतो." गवयाचं काम करणारे बँकेतले कॅशियरही निवृत्तीला टेकले होते, त्यामुळं संवाद खोटा वाटला नसता. पण ताई बधल्या नाहीत.

तरी साडूंनी तालमीसाठी म्हणून न्हाणीघराचं दार काढून नेलंच. तिथं आली चादर. आता चादरीला कडी नसते, म्हणून आत कोण आहे हे बाहेर कळावं यासाठी साडूंनी फर्मान काढलं, की अंघोळ करणाऱ्यानं गायचं. आम्ही त्या घरी पाहुणे गेलो की आम्हालाही तोच नियम. दुष्काळात माणशी अर्धी बादली, त्यामुळं कुणाचंही गाणं धृपद आणि एका अंतऱ्याच्या पुढं जात नसे. मी आरती म्हणत असे, कारण मला तेवढंच येतं. ताई पहिले काही दिवस नुसत्या खाकरत. मग एका सकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो आणि चादरीआडून आलं, "दारी कोण उभे गं, वारा की पाहुणा..." सातव्या दरवाजाचं पद. आवाज थोडा जड झाला होता, कडेला झिजला होता, पण त्या झिजण्यानं तो जास्तच जवळचा झाला होता. माझ्या बायकोनं कप खाली ठेवला. अंतरा संपला तशी साडूंनी आपल्या वाट्याची अर्धी बादली उचलली आणि चादरीखालून हळूच आत सरकवली.

ताई तयार झाल्या.

प्रयोगाच्या दिवशी सभागृह भरलं. जुन्यातले थोडे, आणि वाळूजच्या कारखान्यांत नोकरीला आलेले, नव्या कॉलन्यांतले बरेच, ज्यांनी या नाटकाचं नावही ऐकलं नव्हतं. लहान रंगमंचाला मागं दोरी ओढायला जागाच नव्हती, त्यामुळं दार उघडणारा लोकांसमोरच उभा राहणार होता. साडूंना फेटा बांधून द्वारपाल केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते पडद्याच्या या बाजूला आले आणि ज्यांचा आवाज तीन गल्ल्यांना ऐकू जायचा त्या माणसाच्या तोंडून शब्द फुटेना. "कोण आहे?" एवढंच त्यांचं वाक्य होतं. ते गवयानंच म्हटलं, "मीच आहे" असं उत्तरही त्यानंच दिलं, आणि नाटक पुढं सरकलं.

मग सातव्या दरवाजाचं पद. आतून ताईंनी पहिली ओळ घ्यायची, साडूंनी दार उघडायचं, ताईंनी गातच बाहेर यायचं. ताईंनी ओळ घेतली. साडूंनी कडीला हात घातला, ओढलं. दार हललं नाही. न्हाणीघरात वर्षानुवर्षं भिजून फुगलेलं आणि आता उन्हात वाकलेलं ते दार नव्या चौकटीत घट्ट बसलं होतं. पहिल्या रांगेत मी देवाचा धावा सुरू केला. ताईंनी ओळ पुन्हा घेतली. साडूंनी पुन्हा कडी धरली, आणि मग ओढलीच नाही. नुसते कडीवर हात ठेवून, दाराला कान लावून उभे राहिले. चाचांनी एकदा वर पाहिलं आणि भाता हलका केला. ताईंनी बंद दाराआडून सगळं पद म्हटलं, माईक नाही, दिवा नाही, चेहरा नाही. त्या एवढ्याशा सभागृहात तो आवाज लाकडातून झिरपून आमच्यापर्यंत येत होता, आणि माझ्या शेजारचे अनोळखी गृहस्थ, जे मघापर्यंत मोबाईल बघत होते, डोळे मिटून बसले होते. पद संपलं तेव्हा टाळ्या वाजायला जरा वेळ लागला. मग थांबेनात. दिग्दर्शनाची ही कल्पना फारच धाडसी आहे, असं एक प्राध्यापक मला बाहेर सांगत होते.

दुपारच्या उन्हात आम्ही रिक्षानं निघालो. मागं ते दोघं आणि पुढं ड्रायव्हरच्या सीटवर अर्धा मी. "अहो, दार का नाही उघडलंत?" ताईंनी विचारलं. "मी आत किती घाबरले होते."

"अडकलं होतं," साडू म्हणाले.

"एवढं?"

साडूंनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर घेतला. "दुसऱ्यांदा जोर लावला असता तर निघालं असतं," ते म्हणाले. "पण तू गात होतीस."

मी रस्त्याकडं पाहत राहिलो.

त्यानंतर सुतारानं दार तासून दिलं. पुढच्या प्रयोगांना ते बोटानं उघडे, आणि ताई न घाबरता बाहेर येत. प्रयोग थोडेच झाले. मग त्या सभागृहाच्या जागी क्लासची इमारत उभी राहिली, कॅशियर मुलाकडं नाशिकला गेले, आणि नाटक मिटलं. पण जे झाले, त्या प्रत्येक प्रयोगात सातव्या पदाशी साडू कडीवर हात ठेवत आणि उघडायला विनाकारण वेळ लावत. आत ताईंनाही ते कळलेलं असे. त्या तीच ओळ पुन्हा घेत, मग आणखी एकदा, जरा वेगळ्या वाटेनं. नाटक दर वेळी थोडं थोडं लांबत गेलं. तबलजी कंटाळून चाचांकडं पाही, आणि चाचा भाता न थांबवता पुटपुटत, "मियां-बीवी का मामला है बाबा. अपन बजाते रहना."