बाळंतिणींची दुभाषी

ग्रासिएतेला स्पॅनिश शिकवली ती तिच्या सासूने, आणि तीही बोल लावता लावता. नदीपलीकडच्या फोंतेमोरा गावची, म्हणजे पोर्तुगालची ही मुलगी. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन ती अलीकडे, स्पेनमधल्या व्हिलारेहोला आली, तेव्हा तिला नमस्कार आणि आभार, एवढीच स्पॅनिश येत होती. सासू पाक्विता स्वयंपाकघरभर तिच्या मागे फिरायची. "अगं, त्याला झाकण म्हणत नाहीत. काय म्हणतात? परत म्हण. तोंडात बटाटा धरलायस का?" वर्षभरात सून तडातडा बोलून सासूलाच ऐकवायला लागली.

"मीच शिकवलं, आणि आता माझ्याच डोक्यावर मिरे वाटते," पाक्विता कुरकुरायची. पण शेजारणींपुढे मात्र म्हणायची, "माझी सून दोन भाषांत भांडते. तुमच्या सुनांना एकीत तरी धड येतं का?"

नवरा फुलहेन्सियो तेलाच्या घाण्यावर कामाला होता. ऑलिव्हचा हंगाम संपला की घाणा बंद आणि घर ओढगस्तीचं. म्हणून ग्रासिएतेने गावच्या इस्पितळात सफाईचं काम धरलं. प्रसूती विभागाचा व्हरांडा तिच्याकडे आला आणि पंधरा वर्षं तिच्याकडेच राहिला. त्या पंधरा वर्षांत तिथे कुणी तिच्याशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोललं नव्हतं.

मग पलीकडच्या बाजूचा प्रसूती विभाग बंद झाला. मुलं कमी, डॉक्टर त्याहून कमी. दोन्हीकडच्या प्रांतांनी करार केला की, तिकडच्या बायकांनी बाळंतपणाला अलीकडे यावं. फोंतेमोराच्या चौकात लोक थाळ्या बडवत जमले. "आमची पोरं आता स्पॅनिश म्हणून जन्माला यायची का?" ग्रासिएतेचा सख्खा भाऊही त्यात होता. तो फोनवर म्हणाला, "तू तिकडचीच झालीस, तुला काय कळायचं!" ती म्हणाली, "दादा, मी फरशी पुसते. करार मी नाही केला."

पहिली आली ती इव्होने नावाची, पावाच्या भट्टीवाल्याची बायको. पहिलंच बाळंतपण. कळा सुरू झालेल्या, चेहरा पांढराफटक. तरुण नर्स तिचा हात धरून समजावत होती, "उन रातो, अजून एक रातो." तशी इव्होने किंचाळली, पाय पोटाशी घेतले आणि खाटेच्या टोकाला जाऊन बसली. नर्स घाबरली. ती आणखी गोड आवाजात म्हणाली, "रातो, रातो!" इव्होने रडायलाच लागली.

दारात पोछा घेऊन उभ्या असलेल्या ग्रासिएतेला हसू आवरेना. तिने भिंतीचा आधार घेतला.

मोठ्या सिस्टर रेमेदियोस खेकसल्या, "हसतेस काय? काय झालंय तिला?"

"सिस्टर, रातो म्हणजे तुमच्यात थोडा वेळ. आमच्यात उंदीर. तुम्ही मघापासून तिला सांगताय की अजून एक उंदीर येतोय."

रेमेदियोस म्हणाल्या, "पोछा ठेव. हात धू, कोपरापर्यंत. आणि इकडे ये."

संध्याकाळी इव्होनेला मुलगा झाला. तोवर ग्रासिएते तिच्या उशाशी होती. डॉक्टरांचं बोलणं ती पोर्तुगीजमध्ये सांगे आणि मध्येमध्ये स्वतःचंही घाली. "डॉक्टर म्हणतात छान चाललंय. मी म्हणते नवऱ्याला घाल दोन शिव्या, बरं वाटेल." इव्होनेने दोन नाही, चांगल्या दहा घातल्या.

त्या दिवसापासून व्हरांड्यात "ग्रासिएते, ये गं!" अशी हाक ऐकू येऊ लागली. शब्द तर ती सांगायचीच, पण शब्दांमागचंही सांगायची. तिकडच्या गावातली बाई "पाठीत दार उघडतंय" म्हणाली, तर बाळ खाली सरकतंय, हे कुठल्या पुस्तकात असणार? एखादी "काही नको, बरं आहे" म्हणाली, तर ग्रासिएते सांगे, "सिस्टर, हिला भूक लागलीय. आमच्याकडे तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय हो म्हणत नाहीत." एका मुलीचा रक्तदाब चढला होता. ती डोळ्यांपुढे माश्या येतात म्हणत होती आणि नर्स खिडकी लावायला निघाली होती. त्या माश्या खऱ्या नव्हेत, हे ग्रासिएतेनेच ओळखलं. फरशी पुसायची राहून जाई, ती मग ड्यूटी संपल्यावर पुसून घरी जाई. असं सहा वर्षं चाललं.

सातव्या वर्षी वरच्या कचेरीतून एक साहेब पाहणीला आले. सफाईची बाई प्रसूतीच्या खोलीत पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. उद्या काही चुकीचं सांगितलं गेलं, तर जबाबदार कोण? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. भिंतीवर फोन बसवला गेला, त्यावरून दूरच्या शहरातला दुभाषी बोलणार. ग्रासिएतेची बदली तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत झाली.

पाक्विता आता थकली होती, पण जीभ तशीच होती. "फुकट बोलत होतीस ना? फुकटच्या गोष्टीला कोण विचारतं!" असं म्हणून तिने सुनेच्या ताटात उकडलेल्या चण्यांचा आणखी एक डाव वाढला.

तळघरात खिडकी नव्हती. ग्रासिएते दिवसभर चादरी आणि बाळांची झबली इस्त्री करी. वर कोण आलं, कुणाला काय झालं, ते कळायचं नाही. झबली किती वर गेली, त्यावरून ती अंदाज बांधी.

आठ महिन्यांनी, एका दुपारी, रेमेदियोस स्वतः जिना उतरून खाली आल्या. त्यांना जिने वर्ज्य होते, गुडघे गेलेले. त्या इस्त्रीच्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"लुर्देस नावाची मुलगी आहे वर. तुमच्याकडची. बाळ पोटातच गेलं. फोनवरच्या माणसाने सगळं नीट सांगितलं, शब्दाला शब्द. ती काही बोलत नाही. बाळ द्यायला तयार नाही. सकाळपासून तशीच बसलीय."

"मला वर यायला बंदी आहे, सिस्टर."

"माहीत आहे. मी तुला परवानगी द्यायला आले नाही. मी तुला बोलवायला आलेय."

ग्रासिएतेने गठ्ठ्यातलं एक झबलं उचललं आणि निघाली.

लुर्देस भिंतीकडे तोंड करून बसली होती. नवरा झासिंतो दाराशी टोपी हातात घेऊन उभा. ग्रासिएतेने खुर्ची ओढली. झबलं मांडीवर ठेवून ती बसली. मग आपल्या गावाकडच्या बोलीत हळूच म्हणाली, "नाव काय ठेवलंयस गं?"

लुर्देसने मान वळवली. सकाळपासून हे कुणी विचारलं नव्हतं.

"लेओनोर. माझ्या आजीचं."

"छान आहे. नाक कुणाचं, तुझं का याचं?"

"याचं. त्याच्या सगळ्या घराचंच असं आहे, चपटं." असं म्हणताना लुर्देसच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं, आणि मग ती रडली. झासिंतो येऊन खाटेपाशी खाली बसला. ग्रासिएतेने मध्ये पडून काही समजावलं नाही. रडणं ओसरल्यावर तिने कोमट पाणी मागवलं. दोघींनी मिळून लेओनोरला पुसलं आणि झबलं घातलं. बाह्या लांब होत्या. लुर्देसने त्या एकेक घडी करून वर दुमडल्या. मग तिने बाळ आपणहून रेमेदियोसच्या हातात दिलं.

लेओनोरला गावी न्यायचं होतं, आजीशेजारी पुरायला. गाव पुलापलीकडे अकरा किलोमीटरवर. पण कागद अलीकडचा हवा, त्यावर पलीकडचा शिक्का हवा, आणि पलीकडचे म्हणत, आधी अलीकडचा मूळ कागद आणा. दुसऱ्या दिवशी ग्रासिएतेने रजा टाकली आणि झासिंतोबरोबर बसने तीनदा पूल ओलांडला. दर खिडकीवर नवा अर्ज. तिसऱ्या खेपेला तिकडचा कारकून म्हणाला, "बाई, नियम आहे." ग्रासिएते म्हणाली, "नियम असू दे. तू आधी याला बसायला खुर्ची दे." कारकून उठला आणि त्याने स्वतःचीच खुर्ची दिली. शिक्का मिळायला चार वाजले. दफनाला ग्रासिएते गेली, रेमेदियोसही लंगडत गेल्या.

त्यानंतर रेमेदियोसनी या सगळ्याबद्दल वरच्या कचेरीला पत्र लिहिलं. मग आणखी लिहिली. शेवटी दोन्ही प्रांतांच्या संयुक्त समितीने बैठकीला दोघींना बोलावलं. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, कानाला लावून भाषांतर ऐकायची यंत्रं. ग्रासिएते भाचीच्या लग्नाला घेतलेला निळा ब्लाउज घालून गेली होती. तिला बोलायला सांगितलं, तेव्हा तिने यंत्र बाजूला ठेवलं.

"साहेब, त्या बापाला मुलीचं नाव एका दिवसात सात वेळा लिहायला लावलं. सातव्या वेळी त्याचा हात चालेना, म्हणून मी लिहिलं. एवढंच सांगायला आलेय." हे ती आधी एका भाषेत म्हणाली, मग दुसरीत, आणि खाली बसली.

चौदा महिने लागले. पण एक कागद निघाला, दोन्ही भाषांतला, दोन्हीकडे चालणारा. त्यावर नाव एकदाच लिहायचं. आणि विभागात दुभाष्याची पक्की जागा निघाली. ती मात्र ग्रासिएतेला मिळाली नाही. पदवी हवी होती, आणि ती चौथीपर्यंत शिकलेली. जागेवर माफाल्दा नावाची विद्यापीठात शिकलेली मुलगी आली. तोवर ग्रासिएते पुन्हा व्हरांड्यावर आली होती; तळघरातली बदली कागदावर कधी रद्द झाली, ते कुणी पाहिलं नाही. पहिला आठवडा तिने बादल्या अशा आपटल्या, की रेमेदियोसनी दार लावून घेतलं.

आठव्या दिवशी माफाल्दा तिच्यापुढे येऊन उभी राहिली. डोळे लाल. "मावशी, आतली बाई म्हणते, पाठीत दार उघडतंय. मला काही कळत नाहीये."

ग्रासिएतेने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हात धुतलेस का? कोपरापर्यंत?"

मग दोघी आत गेल्या. निवृत्त होईपर्यंत ग्रासिएते सफाईचीच बाई राहिली. माफाल्दा एका चौकोनी वहीत तिची वाक्यं उतरवून घेई. आज विभागात येणाऱ्या नव्या नर्सना ती वही वाचायला देतात.

सासू गेली, फुलहेन्सियोचा घाणाही बंद पडला. आता रविवारी ग्रासिएते सकाळची बस धरते आणि लुर्देसच्या गावी उतरते. लुर्देसला पुढे मूल झालं नाही. तिने कोंबड्या पाळल्या आहेत, अंगणात शेंगा लावल्या आहेत. दोघी पायरीवर बसून शेंगा सोलतात. लुर्देस तिच्याकडून स्पॅनिश शिकते, कारण बाजार व्हिलारेहोला भरतो.

"परत म्हण," ग्रासिएते म्हणते. "तोंड उघडून म्हण."

लुर्देस परत म्हणते. चुकतं. ग्रासिएते तिच्या ओंजळीतल्या शेंगा काढून आपल्या मांडीवर घेते, म्हणजे तिला बोलायला हात मोकळे राहतील.