मेझकाकाच्या जागी

रोडरिक मेझचा गुडघा वाकू नये त्या बाजूला वाकला, तेव्हा तेविन ब्रूसार्ड बाकावर बसून गारठलेले हात चोळत होता. सत्तर हजार माणसं एकदम गप्प झाली. तळ्यावरून येणारा वारा तेवढा ऐकू येत होता. मेझ म्हणजे त्यांच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा पहिला रिसीव्हर, लांबून फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा गडी. वय तेहतीस, म्हणून पोरं त्याला चिडवायला काका म्हणत. गाडीवर घालून नेताना त्यानं तोंडावर टॉवेल ओढून घेतला.

"ब्रूसार्ड! हेल्मेट घाल, बघतोस काय!" कोच पेटिग्रू ओरडले.

तेविननं हेल्मेट चढवलं. आणि खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. त्या आनंदाची त्याला जागच्या जागी लाज वाटली. तीन महिने याच काकानं त्याला रोज आपल्या गाडीतून सरावाला आणलं होतं. पण करणार काय? तेविन सराव-संघातला. असल्या गड्याला मोसमात तीनच सामन्यांपुरतं मुख्य संघात घेता येतं. मग एक तर कायमचा करार, नाही तर पुन्हा मैदान नाही. आणि सत्ताविसाव्या वर्षी मैदानावर न उतरणाऱ्याला कोण पोसतो? मंगळवारी नारळ ठरलेला. आधीचे दोन सामने त्यानं बाक गरम करण्यात घालवले होते. हा तिसरा, शेवटचा.

सराव-संघाचं काम काय, तर सोंग काढायचं. येत्या रविवारी जो संघ समोर असेल त्याच्या रिसीव्हरसारखं पळायचं, म्हणजे आपल्या बचावाला त्याची सवय होते. या आठवड्यात तेविन किलगोर झाला होता. हा किलगोर समोरच्यांचा लाडका. डावा खांदा पाडायचा आणि दहाव्या यार्डावर झटकन आत वळायचं, ही त्याची खोड. बुधवारपासून तेविननं ती शंभर वेळा तरी गिरवली होती. त्याच्या स्वतःच्या संघात हेच वळण बाराव्या यार्डावर घेतात. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण पायांना कोण सांगणार?

दुसऱ्याच खेपेला चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅक हालव्हर्सननं तीच चाल पुकारली. तेविन सुटला, खांदा पडला, पाय वळले. वळल्यावर त्याच्या लक्षात आलं की हा दहावा यार्ड आहे. त्याला अडवणारा समोरच्यांचा चोवीस नंबरचा गडी तर तिथे आधीच येऊन उभा. हालव्हर्सननं बाराव्या यार्डाच्या हिशेबानं फेकलेला चेंडू तेविनच्या पाठीमागून गेला आणि समोरच्यांच्याच एकानं आरामात झेलला. त्यावर त्यांनी तीन गुण काढले. वीस-सोळा.

लोक हालव्हर्सनच्या नावानं बोंबलायला लागले. "आंधळा झालास काय रे!" "घरी जा, घरी!" हालव्हर्सन मान खाली घालून बसला. चूक आपलीच, असं त्यालाही वाटत होतं. तेविनला नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसला असता तर निदान आजचा दिवस निभावला असता.  पण तो उठला.

"कोच, चूक माझी. मी दहावर वळलो. किलगोरसारखा."

पेटिग्रूंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तेविनला वाटलं, मंगळवार आजच आला.

"आठवडाभर सोंग काढलंस ते उतरवायला विसरलास? गाढवा!"

"हो, कोच. पण एक ऐका. तो चोवीस नंबर माझ्याआधी तिथे पोचला होता. त्यानं उन्हाळाभर सरावात किलगोरलाच तर अडवलंय. खांदा पडला की तो बघतसुद्धा नाही, सरळ उडी घेतो. खांदा पाडून मी वळलोच नाही तर?"

हालव्हर्सननं मान वर केली. "कोच," तो म्हणाला, "पोरगं खरं बोललंय. शिव्या मी खात होतो, तरी बोललं. मी त्याच्याकडे फेकेन."

"चुकला तर दोघंही आपापल्या आईकडे जा," पेटिग्रू म्हणाले.

सामन्याचे पाच-सहा सेकंद उरले होते. चार गुण कमी. तेविन रेषेवर उभा राहिला. समोर चोवीस नंबर हसला. "काय रे, आमचा किलगोर व्हायचंय तुला?"

आठ, नऊ, दहा. खांदा पाडला. चोवीस नंबरनं आत उडी घेतली, आणि तेविन सरळ सुटला. पुढे अडवायला कुणी नव्हतं. चेंडू वाऱ्यावर डगमगत आला, उंच आला, फारच बाहेर आला. तेविननं अंग झोकून दिलं. बोटांना चेंडू लागला, छातीशी आवळला आणि तेविन गोल-रेषेपलीकडे आपटला.

पण दोन्ही पाय मैदानाच्या हद्दीत टेकले होते का? पंचांनी हात वर केले नाहीत. पडद्यावर पाहायला गेले. तेविन बर्फाळ मातीत तसाच बसून राहिला. देवा, एवढं दे, पुढे काही मागणार नाही. तीन मिनिटं झाली. मग पंच बाहेर आले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

टचडाउन. सहा गुण, बावीस-वीस, सामना जिंकला. हालव्हर्सननं त्याला उचललं, सगळे त्याच्यावर येऊन पडले. आत जाताना पेटिग्रूंनी त्याची मान धरली. "मंगळवारी सह्या करायला ये. कायमचा."

तेविन बूटही न काढता उपचारांच्या खोलीत पळाला. चेंडू हातातच होता. काका टेबलावर पडला होता, गुडघ्यावर बर्फ, समोर टीव्ही चालू.

"काका, हा तुझ्यासाठी आणला."

"ठेव तुझ्याकडेच. पहिला आहे तुझा. माझा पहिला माझ्या आईकडे आहे." काका टीव्हीकडेच बघत होता. "करार देतायत?"

"हो."

"कुणाच्या जागी?"

संघात जागा मोजक्या. एक आत येतो तेव्हा एक बाहेर जातो, हे दोघांनाही माहीत होतं.

"डॉक्टर म्हणाले, सगळं फाटलंय," काका म्हणाला. "चांगलं खेळलास, पोरा. जाताना दार ओढून घे."

तेविननं दार ओढून घेतलं. बाहेर सगळे त्याच्या नावानं ओरडत होते, पण तो दाराशीच उभा राहिला. आत काकानं टीव्हीचा आवाज खूप मोठा केला होता. तरीही रडणं ऐकू येत होतं.