दालमिलची कॅसेट

आता थकलो, म्हणून सांगतो. दुसरं काही कारण नाही. ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही, सख्ख्या भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. आता अंगात धाडस आलं आहे, असं मात्र समजू नका. एखादी वस्तू वर्षानुवर्षं मुठीत आवळून धरली की हात दुखायला लागतो — तेवढंच झालं आहे.

नव्वदीची सुरुवात होती. मी जळगावात एका छोट्या साप्ताहिकात प्रुफं तपासायचो. गाव असोदा, बसनं रोज जाऊन येऊन करता आलं असतं, पण शहरात राहायची हौस. म्हणून ओळीनं पाच खोल्या असलेल्या एका चाळीत एक खोली घेतली होती. साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर मी 'नवी कॅसेट' नावाचं सदर लिहायचो. आणि लिहायचो कशावर? रॅपवर. ठेक्यावर झरझर बोलत जायचं ते अमेरिकेतलं गाणं. जळगावात तेव्हा ते ऐकणारे मोजून पंधरावीस जण असतील, त्यातले निम्मे इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. पण सदर त्यांच्यात वाचलं जायचं. पोरं चहाच्या टपरीवर मला ओळखायची. आमच्या भाषेत सांगायचं तर, माझी कॉलर ताठ झाली होती.

खरं सांगू? शब्द मला अर्धेही कळायचे नाहीत. ठेका आवडायचा, बोलण्यातला राग आवडायचा. बाकी मी मनानं भरायचो. 'शोषितांचा हुंकार', 'डांबरी रस्त्याचं महाकाव्य' — असली वाक्यं मी सकाळी दात घासता घासता जुळवायचो. पण हा माझा गुन्हा नव्हे. निदान आज ज्याबद्दल बोलायचं आहे, तो हा नव्हे. मी फाटे फोडतो आहे, हे कळतंय मला.

शेजारच्या खोलीत भास्करभाऊ राहायचा. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, धुळ्याकडचा, एका दालमिलमध्ये मशीनवर. बायको, सुशीलावहिनी, आणि एक लहान मुलगी. भिंत इतकी पातळ की माझी कॅसेट त्यांच्याकडे आपोआप वाजायची. दुसरा कुणी असता तर भांडायला आला असता. हा एका रविवारी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भो, हाई गानं नही, हाई तं बोलनं शे. इतलं तं आम्हीबी बोलतस."

मग तो दर रविवारी यायला लागला. भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचा. इंग्रजीचा गंध नाही, पण ठेका कुठं तुटला, कुठं श्वास घ्यायला जागा ठेवली, हे तो बोटानं मांडीवर दाखवायचा. माझ्या एकदोन लेखांतलं जे काही बरं होतं ते त्या बोटाचं होतं. त्याचं नाव मी कधी छापलं नाही, हेही जाता जाता सांगून टाकतो.

एक दिवस त्यानं सांगितलं की मिलच्या मालकानं नवं मशीन मागवलंय, जुनं भंगारात चाललंय. त्या जुन्या मशीनच्या चाळण्यांना एक ठेका होता म्हणे — तीन ठोके, मग एक घसट, मग पुन्हा तीन. बारा वर्षं तो त्या ठेक्यावर पोती ओतत मनातल्या मनात बोलत आला होता. अहिराणीत. तूर, भुसा, मुकादम, गावाकडची एस्टी, बायकोचं माहेर, जे येईल ते. मला म्हणाला, "तुन्हा टेप दे एक दिन." मी दिला. कॅसेट त्यानं स्वतः आणली, नव्वद मिनिटांची, चांगल्यातली. जुनं मशीन उतरवायच्या आदल्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मालकाच्या हातापाया पडून त्यानं ते रिकामंच चालू ठेवलं, आणि समोर उभं राहून एक बाजू भरून काढली.

दुसऱ्या दिवशी मशीन खोललं. लोखंड ट्रकमध्ये गेलं.

कॅसेट माझ्या हातात देताना तो म्हणाला, "एकच शे भो. दुसरी नही. बठ्ठं आयकीसन लिख. तोंड देखीसन गोड नको लिखजो, खरं लिखजो." बठ्ठं म्हणजे सगळं. कॅसेटच्या वरच्या दोन्ही खाचा मोडलेल्या होत्या. खाच मोडली की त्या कॅसेटवर चुकूनही दुसरं काही भरलं जात नाही — हे त्याला मीच शिकवलं होतं.

मी ती कॅसेट तीन आठवडे ऐकली नाही. म्हणजे लावली होती एकदा. अर्धं मिनिट खडखड ऐकू आली, मग त्याचा आवाज, 'शे' आणि 'व्हतं' — आणि मी ती बंद केली. का? मला लाज वाटली. मी स्वतः असोद्याचा, घरी आईशी आमच्या बोलीत बोलणारा. ऑफिसात एकदा 'मले' म्हणून गेलो होतो तर संपादक आठवडाभर मला 'मले' म्हणून हाक मारत होते. तिथून वर यायला मी रॅपचा जिना धरला होता, आणि हा माणूस त्याच जिन्यावर तुरीचं पोतं घेऊन उभा राहिला. असं मला वाटलं. आज हे लिहितानाही कानाची पाळी गरम होते.

आता त्या रविवारचं सांगतो. टाळत होतो, पण दुसरीकडे जायला आता वाट उरलेली नाही.

होस्टेलवरच्या एका पोराचा मामा कुवेतहून आला होता. त्यानं अमेरिकेतली एक नवीकोरी रॅपची कॅसेट आणली होती, जी मुंबईतसुद्धा मिळत नव्हती. पोरगं सकाळी घेऊन आलं आणि म्हणालं, संध्याकाळच्या गाडीनं मामा निघणार, तोवर भरून घ्या. माझ्याकडे मेव्हण्याचा डबल कॅसेटचा टेप होता. कोरी कॅसेट नव्हती. बाहेर दुकानं बंद, कसला तरी बंद पुकारला होता.

माझ्याकडे तीसेक कॅसेटी होत्या. सिनेमाच्या गाण्यांच्या होत्या, कुणाच्या तरी लग्नातल्या सनईची होती. त्यातल्या कशावरही भरता आलं असतं. पण त्या साठ मिनिटांच्या, आणि नवी कॅसेट ऐंशीच्या वर. दोन कॅसेटींवर तोडून भरायची तर मधलं गाणं कापलं जाणार, ते मला नको होतं. नव्वदची एकच होती. तिची दुसरी बाजू कोरीच होती — अर्धं तिथं मावलं असतं, अर्धं सनईवर. मला अख्खी हवी होती, एका डबीत, नीट.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की घाईत चुकून झालं. चुकून कसं होईल? खाचा मोडलेल्या होत्या. मी ड्रॉवर उघडून चिकटपट्टी काढली, दातानं तिचे दोन तुकडे तोडले, एकेक करून खाचांवर लावले, नखानं दाबून बसवले. याला अर्धं मिनिट लागलं असेल. अर्ध्या मिनिटात माणसाला थांबता येतं की नाही? मी नाही थांबलो. बटण दाबलं आणि चहा करायला गेलो.

भिंतीपलीकडे भास्करभाऊ मुलीला पाढे शिकवत होता.

मंगळवारी त्यानं विचारलं, "आयकं का भो?" आणि मी म्हणालो, ऐकलं. लिहितोय.

काय लिहिणार होतो? चांगलं लिहिलं तर तो कॅसेट परत मागणार, मिलमध्ये लावणार, गावाला नेणार. तेव्हा कॅसेट त्याला नकोशीच झाली पाहिजे, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. एवढं स्वच्छ मला आयुष्यात क्वचित दिसलं असेल. मी सदरात त्याच्यावर तीन परिच्छेद लिहिले. नाव घेतलं नाही, 'दालमिलमधले एक हौशी गृहस्थ' म्हटलं, म्हणजे सगळ्यांना कळेल. लिहिलं की बोलीला रॅप पेलत नाही. लिहिलं की यंत्राचा कलकलाट म्हणजे संगीत नव्हे, आणि भोळेपणा म्हणजे कला नव्हे. शेवटी एक विनोदही केला, तुरीच्या डाळीवर. तो इथं पुन्हा लिहिणार नाही.

न ऐकलेल्या कॅसेटवर इतकं ठामपणे मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. लोकांना तो लेख फार आवडला. संपादकांनी पहिल्यांदा पाठीवर थाप मारली.

रविवारी मी खोलीतच बसून राहिलो. तो आला. हातात अंक होता. भांडेल असं वाटलं. खरं तर भांडावं असं वाटत होतं. तो नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसला, अंक बाजूला ठेवला, मग हसला. "बरं व्हयनं भो, तू सांगी दिधं. मी उगाच हवाम्हा व्हतू." मी कॅसेटीकडे हात नेल्यासारखं केलं — हो, तेवढं नाटकसुद्धा केलं — तर म्हणाला, "राहू दे. फेकी दे. मी काय करू तिले?"

माझं काम झालं होतं.

त्यानंतर तो यायचा बंद झाला. रागानं नव्हे, रस्त्यात भेटला की थांबून बोलायचा. मिलमध्ये पोरांनी काही दिवस त्याला 'गृहस्थ' म्हणून चिडवलं, मग विसरली. श्रावणात कानबाईच्या सणाला ते गावी जाऊन आले तेव्हा सुशीलावहिनीनं प्रसादाचा रोट आणून दिला. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊ, यास्नी गानं सोडी दिधं. दरसाल कानबाईम्होरे हाईच म्हनेत. औंदा बठ्ठा लोके इचारेत, तं म्हने, माले नही येत." माझ्यावर ठपका ठेवायला ती आली नव्हती. मी शिकलेला, मला काही उपाय ठाऊक असेल, असं तिला वाटत होतं. मी रोट घेतला.

आणि मग ती दुपार. मला त्या अमेरिकन कॅसेटवर लिहायचं होतं, म्हणून ती लावून भाकरीचं पीठ मळायला बसलो होतो. पहिली बाजू संपली. हात पिठात, म्हणून उठून बटण दाबलं नाही. थोडी खरखर झाली, आणि मग — तीन ठोके, एक घसट, तीन ठोके.

अमेरिकन कॅसेटची बाजू चारेक मिनिटं आधी संपली होती, आणि भरणंही तिथंच आपोआप थांबलं होतं. तेवढा भास्करभाऊ उरला होता.

"तूर उनी, तूर गई, दाय व्हईसन गई, नाकम्हा भुसा, कानम्हा खडखड, जवानी कोठे गई?" असं सुरू होतं ते. पुढचं सांगत नाही, ते त्याचं आहे. एवढंच सांगतो की मी हात तसेच धरून बसलो होतो आणि पीठ बोटांवर वाळलं. इतकी वर्षं मी जे परदेशातून मागवत होतो, ज्याच्यावर दात घासताना वाक्यं जुळवत होतो, ते भिंतीपलीकडे राहत होतं. आणि त्यातला प्रत्येक शब्द मला कळत होता. मला रडू आलं. रडलो म्हणून काही कमी होत नाही, हे तेव्हाही कळत होतं.

त्याच आठवड्यात मी अमेरिकन कॅसेटवर लिहिलं. त्यात त्यांनी कारखान्याचे आवाज वापरले होते. मी लिहिलं, माणूस जिथं राबतो तिथला ठेकाच खरा. छापून आलं. भास्करभाऊनं वाचलं की नाही, माहीत नाही.

वर्षभरात सदर बंद केलं. मी पुढं दुसरी नोकरी धरली, तो मिल सोडून धुळ्याला गेला. भेटी होत राहिल्या. त्याच्या मुलीच्या लग्नात — तीच, पाढे म्हणणारी — हळदीच्या मांडवात त्यानं मला हाताला धरून जावयापुढं उभं केलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ह्या मानूसनी माले तोंडवर खरं सांगं. बाकी बठ्ठा गोड बोलनात." जावई वाकून माझ्या पाया पडला. मी आशीर्वाद दिला. तोंडातून शब्दसुद्धा नीट आले.

तेव्हा सांगता आलं असतं. त्याआधी आणि त्यानंतरही, किती वेळा.

कॅसेट माझ्याकडे आहे. खाचांवरची चिकटपट्टी पिवळी पडली आहे, पण सुटलेली नाही. वर्षातून एखाद्या वेळी मी ती लावतो, आधीची एक्केचाळीस मिनिटं पुढं ढकलतो आणि शेवटचं ऐकतो. सगळ्यात शेवटी मशीन बंद होतं. चाळण्या हळूहळू थांबतात, धाप लागलेला भास्करभाऊ टेपजवळ येतो, आणि खाच मोडायच्या आधी, खास माझ्यासाठी, एक वाक्य बोलतो.

"भो, आयकं ना बठ्ठं? आते खरं सांगजो."

नव्हतं ऐकलं.