आईच्या तोंडातली कीड

आई तंबाखू खात नव्हती. पुण्याच्या दवाखान्यात हे वाक्य मी स्वतःच्या तोंडानं ठासून सांगितलंय, आणि ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

आई मिसरी लावायची. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे मिसरी लावणाऱ्या बाईला तंबाखू खाणारी असं कुणी म्हणत नाही. तंबाखू खातात गडीमाणसं, पारावर बसून, चुना मळून. बाया फक्त दात घासतात. तंबाखूची पानं लोखंडी तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक वाटायची, डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांना चोळायची. सकाळी उठल्या उठल्या एकदा, जेवण झाल्यावर एकदा, धारा काढायच्या आधी एकदा, निजताना एकदा. आई म्हणायची, "मिसरीनं कीड मरती बये. माजे दात बघ, कसे खुट्यागत हाईत!" आणि खरंच तिचे दात मजबूत होते. साठीतसुद्धा ती ऊस सोलून खायची.

ती मिसरी भाजायची मी. माझं माहेर येडगावच्या धरणाकाठी आणि मी आंबेगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीण. वडील कधीच गेलेले, घरी आई, धाकटा भाऊ आणि भावजय. भावजयीला तव्याच्या धुरानं ठसका लागायचा, म्हणून मी माझ्या घरी मिसरी भाजून माहेरी जाताना डबा भरून न्यायची. "लेकीच्या हातची मिसरी लई खरपूस," असं आई शेजारणींना सांगायची, त्याही चिमूट चिमूट मागून न्यायच्या आणि मी फुशारून जायची. आठवडाभर शाळेत फळ्यावर जंतूंची चित्रं काढायची, पोरांची नखं बघायची, दात बघायची, आणि रविवारी चुलीवर तवा चढवायची. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. शिकलेली ना मी!

नव्वदीचं दशक सरत आलं होतं, तेव्हा तिची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. भावाला तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती, आणि तिला दात फुटेपर्यंत आजीच्या मांडीवरून ती उतरली नाही. आई भाकरीचा घास स्वतः चावून, मऊ करून तिच्या तोंडात घालायची. आम्हालाही तिनं असंच वाढवलं होतं. नात हाच तिचा सगळा जीव होता, बाकी आम्ही सगळे नावाला.

दाढेच्या बाजूची हिरडी सुजली, गालाच्या आत जिभेला चट्टा लागतोय असं आई सांगायला लागली आणि तोंडाला वास यायला लागला. वास सगळ्यांना आला. भाऊ बोलताना मान वळवायचा, भावजय ताट घेऊन जरा लांब सरकायची. मी लवंगा नेल्या, तुरटीच्या गुळण्या करायला सांगितल्या. आईचा उपाय एकच, दुखतंय तिथं आणखी मिसरी दाबायची. त्यानं ठणका थोडा वेळ बधिर व्हायचा, मग ती म्हणायची, "बघ, गुण आला." वासाबद्दल सगळे बोललो, पण तिचं तोंड उघडून आत बघायचं कुणाला सुचलं नाही.

भावाला बैल बघायचा होता म्हणून आम्ही तिघं त्याच्या दोस्ताच्या टेम्पोतून बेल्ह्याच्या बाजाराला गेलो. तिथं दाढेची कीड काढणारी एक बाई बसायची, आईनं तिचं नाव ऐकलं होतं. बाजाराच्या कडेला तिनं विस्तव मांडला होता. तापलेल्या पत्र्यावर रिंगणीचं बी टाकायचं, वर नळी धरायची आणि तो धूर दुखऱ्या दाढेला द्यायचा. मग आईनं पितळीतल्या पाण्यात चूळ टाकली आणि पाण्यात बारीक पांढऱ्या अळ्या तरंगायला लागल्या. सात-आठ तरी असतील. आई डोळे फाडून बघत राहिली. "आगं बया बया! येवढी कीड माज्या तोंडात व्हती?"

त्या अळ्या नव्हत्या. बी तडतडून फुटलं की त्याच्या आतले पांढरे कोंब बाहेर पडतात आणि धुराबरोबर नळीतून तोंडात जातात, तेच ते. मी बारावी सायन्स झालेली, मला ते दिसत होतं. दाताला अळ्या पडत नाहीत हेही ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले. का, तर मला बरं वाटलं होतं! कीड निघाली म्हणजे दुसरं काही नाही. त्या चट्ट्याची मलाही भीती वाटत होती, आणि त्या बाईनं पाण्यात टाकलेलं खोटं मला हवंच होतं.

परत फिरलो तर भाऊ एका बैलापुढं उभा होता. त्यानं बैलाचा ओठ वर केला, जबडा फाकवला, मान वाकडी करकरून आतले दात मोजले, हिरडी दाबून बघितली. शेजारच्याला म्हणाला, "चार दाती हाय राव, पण उजवीकडं सूज वाटती. नको हा." सबंध बाजारात जो तो जनावरांची तोंडं उघडून बघत होता. आमची आई मागं पदरानं तोंड झाकून उभी होती. तेव्हा मला यात काही वाटलं नाही, आता आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

कीड निघाल्याच्या आनंदात सात-आठ महिने गेले. आई गावभर सांगत सुटली. चट्टा बरा होत नाही म्हटलं की म्हणायची, "किडीचं घर हाय ते, भरायला येळ लागनारच." पुढं तिचं तोंड उघडेना. भाकरी दुधात कुस्करून खायला लागली, तेव्हा कुठं मी तिला जुन्नरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी बॅटरी लावून बघितलं, बॅटरी बंद केली आणि आईला बाहेर बसायला सांगितलं. मला म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?" काय सांगणार, कपाळ माझं!

पुण्याला तपासणीच्या आधी एक पोरगेला डॉक्टर कागद भरून घेत होता. त्यानं विचारलं, "तंबाखू खाता का?" आई दुखावलीच. "न्हाई वं सायेब, आमच्यात बाया तंबाखू खात न्हाईत." मीही वर तोंड करून सांगितलं, "आईला कसलंही व्यसन नाही हो. ती तंबाखू खात नाही." त्यानं तसं लिहिलं. मग मोठे डॉक्टर आले, त्यांनी तिचा ओठ खाली ओढून काळ्या पडलेल्या हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "मिसरी?"

"मिसरी व्हय? ती लावतीच की," आई म्हणाली. तोंड नीट उघडत नव्हतं तरी तिच्या आवाजात केवढा तोरा! "माजी ही लेक भाजती. लई झ्याक भाजती."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आधीचा शब्द खोडून कागदावर नवीन लिहिला. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

उजवा जबडा काढला, जिभेचाही थोडा भाग गेला. नंतर शेक, म्हणजे रेडिएशन, द्यायचा होता, त्याआधी उरलेले दातही काढावे लागले, नाहीतर त्यांच्यातली घाण हाडात उतरते म्हणाले. ज्या दातांसाठी बाईनं जन्मभर हिरड्या घासल्या, ते सगळे एका तबकात पडले. शेकाच्या दिवसांत तिथली एक तरुण डॉक्टरीण माझ्याशी बोलायची. मी मास्तरीण म्हटल्यावर जरा सविस्तर सांगायची. तिनं सांगितलं, "मुख्य गुन्हेगार तंबाखूच. पण किडलेली दाढ, सडलेली हिरडी, त्यातले जंतू, यांनी जखम कायम धुमसत राहते. अशा गाठींत काही जंतू जास्तच सापडतात. ते आजार वाढवतात, की आजारानं जागा करून दिली म्हणून येऊन बसतात, हे अजून नक्की कळलेलं नाही. मात्र हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, घाबरू नका."

हे शेवटचं वाक्य तिनं सांगितलं होतं. मला नीट आठवतंय, सांगताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता.

आईला घरी आणलं त्या दिवशी ओटीवर सगळे जमले होते. भावानं विचारलं, "आक्का, कशानं झालं गं हे?" मिसरीनं झालं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की भाजत कोण होतं. म्हणून मी अक्कल पाजळली. म्हटलं, "तोंडात जंतू असतात. दाढ किडली, जंतू वाढले, ते त्या गाठीत जाऊन बसलेत." चांगलं अर्धा तास शाळेसारखं समजावून सांगितलं. तंबाखूचं नाव घेतलं नाही. लागण होत नाही हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणतेय, पण मला मिसरीवरून विषय लांब न्यायची घाई होती, हे खरं.

भिंतीला टेकून आई ऐकत होती, भावजयही ऐकत होती. पोरीला पोटाशी धरून म्हणाली, "वन्सं, आत्याबाईंनी हिला चावून घास दिल्यात की वो. हिला काय व्हईल?" तिचंही काय चुकलं? पोरीची आईच ती. दुसऱ्या दिवसापासून आईचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, वाकळ वेगळी. अंथरूण पडवीत गेलं. तिकडं जायचं नाही, असं पोरीला सांगितलं गेलं. मी शाळेच्या गावी निघून आले होते, मला हे पंधरा दिवसांनी कळलं. भावाला फैलावर घेतलं तर तो म्हणाला, "तूच सांगितलंस ना जंतूचं?" मग मी दोघांना सगळं खरं सांगितलं, मिसरीसकट. भाऊ म्हणाला, "आता कशावर इस्वास ठेवायचा आक्का?"

तरी वर्षभरात भावजय निवळली. तिचा जीव मोठा, माझ्यापेक्षा मोठा. आईच्या गळ्याशी पुन्हा गाठ आली, आता थोडेच दिवस आहेत असं पुण्याहून सांगितलं, तेव्हा ती स्वतः पोरीला म्हणाली, "जा, आजीकडं जा." मी तिथंच होते. पोरगी साडेतीन वर्षांची. केव्हापासून उंबऱ्यावरून बघत राहायची ती, परवानगी मिळाल्यावर धावतच सुटली.

आईनं एका हातानं पदर तोंडावर आवळला आणि दुसऱ्या हातानं तिला ढकललं. अंगात ताकद राहिली नव्हती, तरी एवढ्या जोरानं ढकललं की पोरगी उताणी पडली आणि कळवळून रडायला लागली. मी ओरडले, "आये, आगं ह्ये लागत न्हाई! मी चुकीचं सांगितलं व्हतं. घे तिला जवळ!"

जबडा आणि जिभेचा भाग गेल्यापासून तिचं बोलणं घरात फक्त मला कळायचं. पदराआडून ती म्हणाली, "तू शिकलेली हाईस. आदी सांगितलंस त्येच खरं. आता मला बरं वाटावं म्हनून बोलतीयास."

मी शपथा घातल्या, पायावर डोकं ठेवलं. भावजय रडत विनवत होती. आई काही बधली नाही. त्यानंतर सव्वा महिना जगली, पण पोरगी दाराशी दिसली की हात हलवून हाकलायची आणि भिंतीकडं तोंड करायची.

ती पोरगी आता मोठी झाली. गेल्या दिवाळीत मी तिला विचारलं, तुला आजी आठवते का गं? ती म्हणाली, "एकदाच आठवते आत्या. मी गेले होते, तर तिनं मला ढकललं. मी तिला आवडत नव्हते का?"